गळाचा तोल व गाठीची जागा

नांगर उत्तम लाकडाचा असला आणि फाळ नवा असला, तरी जुवाशी त्याची बांधणी चुकली तर तो एक तर जमिनीत रुतून बसतो, नाही तर वरवर ओरखडे काढीत जातो. बैल थकतात, नांगरणारा घामाघूम होतो आणि दोष मात्र दिला जातो जमिनीला. जाणता शेतकरी अशा वेळी बैलांवर चाबूक उगारीत नाही. तो थांबतो, दोर सोडतो, बांधणी चार बोटे पुढेमागे करतो आणि मग तोच नांगर त्याच जमिनीत सरळ चालू लागतो.

मासे धरण्याच्या गळाचे नेमके असेच आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातसा, काळू, शाई या नद्यांच्या काठी आणि लहानमोठ्या तलावांवर गळ टाकून बसलेली माणसे आपण नेहमी पाहतो. संध्याकाळी त्यांतील पुष्कळजण रिकाम्या हाताने घरी परततात. कोणी पाण्याला दोष देतो, कोणी आमिषाला, तर कोणी नशिबाला. गळ कसा बांधला आहे आणि तो पाण्यात कसा बसतो, हे पाहण्याचे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, हातून गेलेल्या माशांपैकी बऱ्याच माशांचे कारण आमिषात नसून तोलात व गाठीत असते. आणि ही साधी गोष्ट गावोगाव शिकविणे हे विस्तार-कार्यकर्त्यांचे काम आहे.

गळाविषयीचा अनादर

शेतीच्या पत्रिकेत गळाचा विषय कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे एक उत्तर शासनाच्या धोरणातच आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. परंतु खरे उत्तर आपल्या तालुक्यांतील वाड्यापाड्यांवर मिळते. भाताची लावणी आटोपली की अनेक अल्पभूधारक कुटुंबांची कणगी रिकामी होते. नाचणी-वरई हाती येण्यास अवकाश असतो. ज्यांस जमीनच नाही, अशा कातकरी कुटुंबांची स्थिती तर याहून बिकट. दिवाळीनंतर त्यांतील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. अशा घरी संध्याकाळी अर्धा शेर मासे आले, तर भाकरीबरोबर मुलांना कालवण मिळते. हा अन्नाचा प्रश्न आहे, करमणुकीचा नव्हे.

तरीही गळ टाकणाऱ्यास आपण आळशी समजतो. जाळेवाला उद्योगी आणि गळवाला रिकामटेकडा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. जाळ्यास भांडवल लागते, सोबती लागतात आणि पुष्कळ ठिकाणी नाव किंवा तराफा लागतो. गळास एक काठी, काही हात दोरी आणि एक वाकडा काटा पुरतो. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही, त्याचे हे साधन आहे. शिवाय गळ निवडक आहे. योग्य आकाराचा गळ वापरला तर बोटभर पिल्ले त्यास लागत नाहीत. आणि नको असलेला मासा जिवंत परत सोडता येतो. बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेल्या पिल्लांस ही सोय नाही.

याहूनही एक गंभीर बाब सांगणे आवश्यक आहे. डोहात सुरुंगाची कांडी टाकणे किंवा वाहत्या पाण्यात विषारी पूड कालविणे, हे प्रकार आपल्या नद्यांवर घडतात. अशा कृत्यांस १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली होती आणि १९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमातही ती आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने ही सवय सुटत नाही. ज्याला सरळ मार्गाने मासा मिळत नाही, तोच या आडमार्गाला जातो. एका कांडीने डोहातील लहानथोर सारे जीव मरतात आणि पुढील दोन-तीन हंगाम तो डोह ओस पडतो. कित्येकांचा हातही जातो. ज्याचा गळ चालतो त्याला कांडीची गरज भासत नाही. म्हणून चांगला बांधलेला गळ हा नदीच्या संरक्षणाचाही एक उपाय आहे, असे मी मानतो.

जुनी गाठ व नवा तंगूस

दुसरा आक्षेप असा निघेल की, पिढ्यान् पिढ्या नदीकाठी राहणाऱ्यांस गळ बांधणे कोणी शिकवावे? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. कोणत्या डोहात कोणता मासा कोणत्या महिन्यात बसतो, हे ज्ञान त्यांच्याजवळ आहे आणि ते आपण त्यांच्याकडूनच शिकले पाहिजे. परंतु साधन मात्र मधल्या काळात बदलले आहे.

पूर्वी दोरी सुताची किंवा तागाची असे. अशी दोरी खरखरीत असते. पाण्यात ती फुगते व गाठ आपोआप घट्ट धरते. तिला साधी दोन फेऱ्यांची गाठ पुरत असे. आजचा तंगूस नायलॉनचा आहे. १९३५ साली अमेरिकेतील प्रयोगशाळेत प्रथम तयार झालेला हा धागा गुळगुळीत, ताठ व लवचिक असतो. त्यावर मारलेली जुनी गाठ ओढ बसताच सरकते आणि सुटते. तंगूस तुटला, असे आपण म्हणतो. पण टोक नीट पाहावे. ते पिळवटलेले व कुरळे असेल, तर तंगूस तुटलेला नसून गाठ सुटलेली आहे, असे समजावे.

गळही बदलला आहे. डोक्याशी शिसे ओतलेले, पिसांचे किंवा रंगीत धाग्यांचे झुबके बांधलेले तयार गळ आता शहरांतील दुकानांतून आपल्या बाजारांत येतात. हा गळ तळाशी सोडून हलकेच उचलावयाचा व पुन्हा पडू द्यावयाचा असतो. त्या उठण्या-पडण्याने तो जिवंत चिंगळीसारखा किंवा लहान माशासारखा दिसतो आणि मरळ, शिवडा यांसारखे शिकारी मासे त्यावर झडप घालतात. म्हणजे येथे आमिषाचा वास गौण आणि त्याची चाल प्रमुख असते. ती चाल बिघडली की महागाचा गळही निरुपयोगी ठरतो.

याचा धडा मला स्वतःच्या फजितीने मिळाला. डोळखांबच्या बाजूस एका पाझर तलावावर मी असे तयार गळ घेऊन प्रात्यक्षिकास गेलो होतो. दोन तास गळ फेकला. एकही मासा फिरकला नाही. जमलेल्या मंडळींनी सौजन्याने हसू आवरले. शेजारीच एक वृद्ध कातकरी बाबा बसले होते. त्यांनी माझा गळ मागून घेतला, काठालगतच्या निवळ पाण्यात धरला व मला पाहावयास सांगितले. गळ शेपटीकडून खाली लोंबत होता आणि गरगर फिरत होता. जिवंत मासा असा उभा लटकत नाही, एवढेच ते म्हणाले. त्यांनी नखाने गाठ नाक्याच्या पुढच्या कडेवरून वर सरकविली. गळ आडवा झाला. त्यानंतर त्या दिवशी मला एकच मरळ मिळाली. पण ती मला पुस्तकापेक्षा अधिक शिकवून गेली.

तोल म्हणजे काय?

तागडीची दांडी ज्या ठिकाणी धरली असता आडवी राहते, तो तिचा तोलबिंदू. गळासही असाच एक बिंदू असतो. दोरीची ओढ त्या बिंदूच्या बरोबर वर आली तर गळ पाण्यात आडवा राहतो. गाठ पुढे सरकली की मागचा भाग जड होऊन शेपूट खाली झुकते. गाठ मागे सरकली की डोके खाली जाते. नाक्याची कडी लहान असते खरी. पण लहान गळात तेवढ्या फरकानेही तोल जातो. म्हणून गाठ कडीच्या वरच्या भागावर, मधोमध, घट्ट बसली पाहिजे.

आडवेपणाला एवढे महत्त्व का, हेही समजून घ्यावे. पहिली गोष्ट म्हणजे माशाचे भक्ष्य, मग ते चिंगळी असो वा लहान मासा, पाण्यात सामान्यतः आडवे असते. दुसरी गोष्ट म्हणजे आडवा गळ पाण्यास अधिक अडतो, त्यामुळे सावकाश पडतो आणि माशास झडपेला वेळ मिळतो. उभा लोंबणारा गळ खिळ्यासारखा सरळ तळाशी जातो. तिसरी गोष्ट म्हणजे तोल नसलेला गळ ओढताना गरगर फिरतो व तंगुसाला पीळ पडतो. पीळ पडलेला तंगूस गुंततो.

आडवेपणाइतकेच टोकाच्या दिशेकडे लक्ष द्यावे. गळाचे टोक वर असावे. धरणांच्या पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे, दगड व झुडपे असतात. टोक खाली असेल तर ते प्रत्येक खेपेस कशात तरी अडकते. टोक वर ठेवावयाचे असेल तर वजन गळाच्या पाठीच्या बाजूस, म्हणजे टोकाच्या विरुद्ध अंगास असावे. पाण्यात जड बाजू खाली जाते आणि टोक आपोआप वर राहते. नावेच्या तळाशी भार ठेवला असता ती उलटत नाही, त्यातलाच हा प्रकार.

घरच्या घरी तोल साधण्याची रीत

तयार गळ विकत घेण्याची आवश्यकता नाही. नाके असलेला एक साधा गळ, दीड इंची लोखंडी खिळा, शिलाईचा जाड दोरा, थोडी कोंबड्याची पिसे आणि मोठ्या तोंडाची काचेची बरणी एवढे साहित्य पुरे.

गळाच्या दांडीच्या पाठीवर खिळा लांबीच्या दिशेने ठेवावा. खिळ्याचे डोके पुढे असावे आणि त्याचा काही भाग नाक्याच्या पुढे निघावा. दोऱ्याचे चार सैल वेढे देऊन तो तात्पुरता बांधावा. गळाच्या मागील बाजूस दोन-तीन पिसे बांधावीत. नंतर नाक्यात तंगूस बांधून गळ पाण्याने भरलेल्या बरणीत सोडावा व बाजूने पाहावे. शेपूट खाली झुकत असेल तर खिळा किंचित पुढे सरकवावा. डोके झुकत असेल तर मागे घ्यावा. तागडीवरील वजन सरकवावे तसे हे करीत राहावे. गळ आडवा राहू लागला की दोऱ्याचे घट्ट, एकास एक लागून वेढे द्यावेत व त्यांवर पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाचा हात फिरवावा. दोरा पक्का बसतो व खिळा लवकर गंजत नाही. खिळ्यामुळे नाक्यातील तंगूस चेपला जात नाही ना, हे शेवटी पाहून घ्यावे.

ही परीक्षा हवेत करू नये, पाण्यातच करावी. हवेत पिसे हलकी व कोरडी असतात. पाण्यात ती भिजतात व त्यांची वागणूक बदलते. शिवाय पाण्यात प्रत्येक पदार्थाचे वजन वेगवेगळ्या प्रमाणात घटते. दहा ग्रॅम शिशाचे पाण्यातील वजन सुमारे ९.१ ग्रॅम भरते, दहा ग्रॅम लोखंडाचे सुमारे ८.७ ग्रॅम, तर आपल्याकडील काळ्या दगडाचे सुमारे साडेसहा ग्रॅमच भरते. हवेत जुळविलेला तोल पाण्यात बिघडतो तो यामुळे. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावावयाची असेल, तर ते आमिष लावूनच परीक्षा करावी. कारण आमिषाचा भार मागील बाजूस पडतो.

वजन किती असावे? याला माझे उत्तर असे की, गळ तळाला टेकलेला हाताला कळेल इतकेच. त्याहून अधिक नको. काठालगतच्या, गवताच्या उथळ पाण्यात दोन-तीन ग्रॅम पुरतात. खोल पाणी, वारा किंवा प्रवाह असेल तर वजन वाढवावे लागते. पुष्कळजण दूर फेकता यावे म्हणून जड गळ बांधतात. दूर पडलेला पण दगडासारखा बुडालेला गळ जवळच्या हलक्या गळाची बरोबरी करीत नाही.

गाठ

गाठींचे अनेक प्रकार आहेत. दोन आल्या तरी काम भागते.

पहिली वेढ्यांची गाठ. तंगुसाचे टोक नाक्यातून ओवून वीतभर बाहेर काढावे. ते मूळ तंगुसाभोवती पाच ते सहा वेळा गुंडाळावे. मग नाक्यालगत राहिलेल्या पहिल्या फटीतून ते मागे ओवावे. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी व सावकाश आवळावी. वेढे एकावर एक न चढता ओळीने बसले पाहिजेत.

दुसरी दुहेरी गाठ. तंगूस दुमडून दुहेरी करावा व तो फासा नाक्यातून काढावा. दुहेरी तंगुसाचीच एक साधी सैल गाठ मारावी. पुढे उरलेल्या फाशातून संपूर्ण गळ काढून घ्यावा. मग ओली करून आवळावी. ही गाठ बांधण्यास सोपी व अंधारातही जमण्यासारखी आहे.

कोरडी गाठ झटक्याने आवळू नये. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तेथेच दुबळा होतो. गाठ बांधल्यावर टोक अगदी लगत न कापता थोडेसे राखावे. तिची परीक्षाही घरीच करावी. गळ एखाद्या खुंटीला अडकवून तंगुसाच्या दुसऱ्या टोकास एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधावी; ती सुमारे एक किलो भरते. मग दुसरी बाटली जोडावी. सुटावयाची गाठ घरी सुटलेली बरी. तलावावर ती सुटली, तर गळ तोंडात रुतलेला मासा पाण्यात हाल होऊन मरतो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

प्रत्येक मासा काढल्यानंतर व गळ प्रत्येक वेळी अडकून सुटल्यानंतर गाठीवरून बोट फिरवावे. ती पुढे सरकली असेल तर वर आणावी. तंगूस खरवडला असेल तर तेवढा कापून नवी गाठ बांधावी. एवढी एक सवय लागली तरी या लेखाचे सार्थक झाले, असे मी समजेन.

शिशाविषयी सावधगिरी

काही तरुण जुन्या बॅटरीतील शिसे घरच्या चुलीवर वितळवून गळावर ओततात. हे त्यांनी ताबडतोब बंद करावे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. चुलीवर ते सहज होते व म्हणूनच धोका मोठा आहे. त्याची वाफ व धूळ श्वासावाटे आणि हातावाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. बॅटरीतील आम्लाचा धोका आणखी वेगळाच. ओल्या साच्यात तापलेले शिसे ओतले तर ते उसळून डोळ्यांत जाते. दातांनी शिशाची गोळी चावून तंगुसावर बसविण्याची सवयही तितकीच वाईट आहे.

पाण्यात तुटून राहिलेले शिसेही निरुपद्रवी नसते. पाणपक्षी ते खड्याबरोबर गिळतात व विषबाधेने मरतात. याच कारणास्तव इंग्लंडमध्ये गळाच्या लहान शिसे-वजनांच्या विक्रीस १९८७ पासून बंदी करण्यात आली. आपल्या तालुक्यांतील कित्येक जलाशयांचे पाणी लक्षावधी लोक पितात, हे लक्षात घेता आपण तर अधिक दक्ष असले पाहिजे. म्हणून मी वर खिळ्याची रीत सांगितली. लोखंड शिशापेक्षा थोडे मोठे दिसते, एवढाच त्याचा दोष.

तंगुसाविषयीही एक शब्द. सुताची दोरी कुजून मातीत मिळे; नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. काठावर टाकलेल्या तुकड्यांत बगळ्यांचे पाय अडकतात, गुरांच्या पोटात ते चाऱ्याबरोबर जातात. कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी आणावा.

गळ कोठे व केव्हा टाकू नये

चांगले हत्यार हाती आले की ते कोठे वापरू नये, हेही कळले पाहिजे. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा जलाशय मुंबईस पाणी पुरवितो आणि तो १९७० साली घोषित झालेल्या अभयारण्याच्या परिसरात आहे. तेथे गळ घेऊन जाऊ नये. जेथे मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेस दिलेला आहे, तेथे संस्थेची परवानगी घ्यावी. संस्थेने पैसे खर्चून सोडलेले कटल्याचे व रोहूचे बीज हे तिचे पीक आहे. दुसऱ्याच्या शेतातील कणसे आपण तोडीत नाही, तोच न्याय येथेही लावावा.

पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून व भातखाचरांतून वर चढतात. त्यास आपण वलगण म्हणतो. त्या दिवसांत खाचरात मासे धरण्याचा आनंद मोठा असतो, हे मी जाणतो. लहानपणी तो कोणी लुटला नाही? परंतु ते मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात. पोटात अंडी असलेली एक मादी धरणे म्हणजे बियाण्याचे पोते दळून खाणे होय. समुद्रावरील कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात लोटीत नाहीत. नदीकाठच्या गावांनी आपापल्या डोहांसाठी अशीच मर्यादा ग्रामसभेत ठरवून घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मरळीविषयी विशेष काळजी घ्यावी. हा मासा आपल्या पिल्लांची राखण करतो. पावसाळ्यात काठालगत लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर फुगत-बुडत असताना दिसतो आणि त्याच्या खाली मायबाप मरळ असते. पिल्लांजवळ पडलेल्या कोणत्याही वस्तूवर ती तुटून पडते. त्यामुळे तेथे गळाला मरळ हमखास लागते आणि म्हणूनच काहीजण मुद्दाम तेथे गळ टाकतात. एक मरळ मिळते व शेकडो पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. यात कौशल्य नाही आणि शहाणपणही नाही. जेथे पिल्लांचा थवा दिसेल तेथून गळ दूर न्यावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

कोचीन येथे १९५७ साली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि मासेमारीच्या साधनांचा शास्त्रीय अभ्यास हा तिच्या कार्याचा एक भाग आहे. आपल्या जवळ वर्सोव्यास १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. परंतु या अभ्यासाचा ओघ मोठी जाळी, नौका व तळी यांकडून वाडीवरच्या गळापर्यंत आपोआप येत नाही. मधला दुवा आपण व्हावयाचे आहे. कोणाकडे अनुदान मागावे, अशी ही योजनाच नाही. काचेची एक बरणी, मूठभर खिळे व एक दोऱ्याचे रीळ यांचा खर्च कोणत्याही कार्यकर्त्यास झेपण्यासारखा आहे.

माझी सूचना अशी की, प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या भागातील एका वाडीवर एक संध्याकाळ द्यावी. भाषण करू नये. बरणी मध्ये ठेवावी व प्रत्येकाने आपापला गळ तीत सोडून पाहावा. स्वतःचा गळ कसा लोंबतो हे एकदा डोळ्यांनी दिसले की पुढे सांगण्यासारखे थोडेच उरते. वाडीतील जाणत्या वृद्धांना या वेळी मानाने बोलावावे आणि मासा कोणता, डोह कोणता, हंगाम कोणता हे त्यांना सांगू द्यावे. आपण फक्त तोल व गाठ दाखवावी. मुलांना व स्त्रियांना वगळू नये. वाड्यावस्त्यांवर मासे आणणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. पौषात म्हशाच्या जत्रेला मुरबाड तालुक्यात दूरदूरचे शेतकरी येतात. तेथे अवजारांच्या शेजारी ही एक बरणी ठेवली, तर बघ्यांची उणीव पडणार नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याने दारिद्र्य हटणार आहे काय? नाही हटणार. जमीन, पाणी, शिक्षण व मजुरी यांचे प्रश्न गळाने सुटत नाहीत आणि कातकऱ्यांसारख्या अत्यंत मागास राहिलेल्या आदिम जमातीस आपण केवळ गळ देऊन मोकळे होऊ लागलो, तर ती शरमेची गोष्ट होईल. परंतु मोठ्या योजनांची वाट पाहत असताना रोजच्या पानातील घासाकडे दुर्लक्ष करणे हेही शहाणपणाचे नाही. बियाण्याची निवड, रोपांतील अंतर, खताची वेळ या गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटतात. तरी त्यांनीच भाताचे पीक पालटते, हे आपण शेतकऱ्यांना नित्य सांगत असतो. तेच आपण स्वतः गळाच्या बाबतीत विसरू नये.

त्या पाझर तलावावर बाबांनी नखाने गाठ सरकविली, ती जेमतेम जवाच्या दाण्याएवढी असेल. तेवढ्या अंतराने त्या घरच्या संध्याकाळच्या जेवणात फरक पडतो. ते अंतर आधी आपण ओळखावे आणि मग दुसऱ्यास दाखवावे, एवढेच माझे सर्व कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधुभगिनींस सांगणे आहे.